‘आता जगायचं नाही’ असा मेसेज ग्रुपवर आला तर...

शुगर, बीपी, टीबी, बाळंतपण अशा विषयांचे व्हॉट्सअॅप ग्रुप आता येवल्यातल्या आपल्या वस्त्यांमध्येही चालतात. तपासणीला उपाशीपोटी जायचं का, रिपोर्ट कुठे दाखवायचा, हे तिथे बिनधास्त विचारता येतं. मागावर बसणाऱ्याला दवाखान्यासाठी दिवस मोडावा लागतो. त्याला घरबसल्या चार अनुभवी माणसं भेटतात, ही चांगलीच गोष्ट आहे.

पण याच ग्रुपवर एखाद्या रात्री मेसेज पडतो, ‘कंटाळले आता. माझ्या आजारपणाचा घरच्यांना त्रास नको.’ वाचणारे पन्नास असतात. कोणी हात जोडतं, कोणी सुविचार टाकतं, आणि प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्या कोणीतरी फोन केला असेल. अशा वेळी नेमकं काय करायचं, ते आम्ही इथे सांगत आहोत.

धुळ्यातलं एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या एका तरुणाने फेसबुकवर सगळ्यांसमोर जीव द्यायचा प्रयत्न केला. ते आयर्लंडमधल्या फेसबुकच्या कर्मचाऱ्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मुंबईच्या सायबर पोलिसांना कळवलं आणि मुंबईने धुळे पोलिसांना. पोलीस घरी पोहोचले, तरुणाला दवाखान्यात नेलं आणि तो वाचला. जो दारापर्यंत जाऊ शकतो त्याला ताबडतोब कळवलं, म्हणून हे झालं. आपल्याला तर ते दार दोन गल्ल्यांवरच असतं.

पहिल्या दहा मिनिटांत

१. मेसेजला मेसेजने उत्तर देत बसू नका, फोन करा. ‘ताई, मेसेज वाचला. तुम्ही कुठे आहात? सोबत कोण आहे?’ असं विचारा. मग सरळ विचारा, ‘जीव द्यावा असं मनात येतंय का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते.

२. एकजण फोनवर असताना दुसऱ्याने घरी जावं. त्या व्यक्तीला एकटं सोडू नये. फवारणीचं औषध, उंदराचं औषध, जास्तीच्या गोळ्या तिच्या हाताला लागणार नाहीत अशा ठिकाणी हलवाव्यात.

३. काही घेतलं असेल तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. उलटी करवू नका, मीठपाणी पाजू नका. डबा किंवा पाकीट सोबत दवाखान्यात न्या.

४. ग्रुपमधला माणूस बाहेरगावचा असेल, पत्ता माहीत नसेल, तर ११२ ला फोन करून त्याचा मोबाईल नंबर द्या. मारहाणीची भीती असेल तेव्हाही हाच नंबर.

‘पोलीस केस होईल’ म्हणून अनेक घरं गप्प बसतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ११५ सांगतं की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरायचं आणि तिला शिक्षा करायची नाही. तातडीचे उपचार आधी, कागदपत्रं नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच बजावलं आहे. ते सरकारी आणि खाजगी दोन्ही डॉक्टरांना लागू आहे.

ग्रुपवर काय करावं, काय करू नये

ॲडमिनने तो मेसेज आणि त्याची वेळ स्वतःकडे ठेवून घ्यावी आणि मग तो ग्रुपवरून काढावा. ‘आपण त्यांच्या संपर्कात आहोत, कृपया फॉरवर्ड करू नका,’ एवढंच लिहावं. स्क्रीनशॉट नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला की त्या बाईला उद्या नळावर पाणी भरायला जाणंही अवघड होतं. त्या व्यक्तीला ग्रुपमधून काढूही नये. त्या क्षणी तो ग्रुप हाच तिचा एकमेव आधार असू शकतो. ‘मुलांकडे बघ’, ‘इतकं काय झालं’ असली वाक्यं तर नकोतच.

ॲडमिन डॉक्टर नसतो आणि त्याने होऊही नये. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलतो. त्रासातल्या माणसाने करावा, तसा त्याला सांभाळणाऱ्यानेही करावा. रात्र निभावली म्हणजे काम संपलं असं नाही. पुढचे काही आठवडे कोणीतरी घरी जात राहावं, औषधोपचार सुरू झाले का ते पाहावं.

आधीच करायची तयारी

हे सगळं ऐनवेळी सुचत नाही. या रविवारी विहारात वंदनेनंतर दहा मिनिटं काढा. प्रत्येक ग्रुपसाठी दोन-तीन जबाबदार माणसं ठरवा, त्यात एक तरी बाई असू द्या. सभासदांना विचारून त्यांची गल्ली आणि घरातल्या एका माणसाचा नंबर वहीत लिहून घ्या. ती वही याच माणसांकडे राहू द्या. आणि १०८, ११२, १४४१६ हे तीन नंबर ग्रुपच्या माहितीत टाका, म्हणजे रात्री शोधत बसावं लागणार नाही.