रक्ताचा आजार आणि पुराव्याची पारख

दात पडल्यावर रक्त थांबत नाही, किरकोळ माराने मुलाचा गुडघा सुजतो. आणि घरात बोल मात्र आईला लागतो. हा हिमोफिलिया असू शकतो. यात रक्त गोठविणारा आठवा किंवा नववा घटक कमी असतो. दोषवाहक आईच्या प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी असते. तथापि सुमारे एक-तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात हा आजार पूर्वी नसतोच.

जनुकात फरक सापडला म्हणजे निदान झाले, असे नव्हे. रक्तातील घटक खरोखर कमी आहे काय? तोच फरक निरोगी पुरुषांतही आढळतो काय? घरातील इतर रुग्णांत तो आहे काय? त्याने जनुकाचे काम बिघडते, हे प्रयोगाने दिसले काय? उत्तरे जुळली तरच पुरावा भक्कम. तीव्र हिमोफिलिया 'ए'च्या सुमारे ४५ टक्के रुग्णांत आढळणारी २२ व्या इंट्रॉनची उलटापालट अशीच सिद्ध झालेली आहे. परंतु अहवालावर 'अर्थ अनिश्चित' असा शेरा असेल, तर त्यावरून गर्भाचा किंवा बहिणीच्या लग्नाचा निर्णय घेऊ नये.

प्रथम यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवावे. १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेली व आज मुंबईत के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात असलेली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था अशा आजारांचे जनुकीय निदान करते.

ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. विद्यार्थी मित्रांनो, अहवालही तसाच पारखा आणि आईला दोष देणे थांबवा.