स्टार्टरचा स्क्रू आणि योग्य पेचकस

शिनोली गावात विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर उघडायचा म्हटलं की हाताला लागेल तो स्क्रू ड्रायव्हर लावतात. स्क्रूची फुली झिजते ती तिथंच! बहुतेक कामाला दोन नंबरची फुली (पीएच २) लागते. एक नंबरची त्यात नुसती खुळखुळते.

माझ्या पेटीत जास्त भरणा टपारियाचा, पारदर्शक हिरव्या मुठीचा. कारखाना आपल्या नाशिकचा. १९६९ मध्ये स्वीडिश तंत्रसाहाय्याने हत्यारं बनवायला सुरुवात झाली. जुन्या बाजारात असा पेचकस दिसला तर आधी टोक बघा. धारेचे कोपरे गोल झाले असतील तर मूठ कितीही चकचकीत असो, सोडून द्या.

आरएक्स १००सारख्या जपानी घराण्यातल्या जुन्या गाड्यांची गोष्ट वेगळी. स्क्रूच्या डोक्यावर बारीक ठिपका असेल तर ती जेआयएस (जपानी मानकाची) फुली. साधा फिलिप्स तिच्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की बाहेर सरकतो. जेआयएसचा एक पेचकस घ्याच, साध्या फुलीलाही बहुधा चालतो.

नट ड्रायव्हर मात्र आपल्याकडे उगाच दुर्लक्षित. पोकळ दांडीचा घ्या, म्हणजे नटाबाहेर आलेला लांब बोल्ट आत जातो. एम ४ नटाला ७ मिमी, एम ५ ला ८, एम ६ ला १०. पाइपाच्या होज क्लिपला बऱ्याचदा ७ चाच बसतो. चपट्या पेचकसासारखा घसरून बोटात घुसत नाही.

आणि हो, प्लास्टिकची मूठ म्हणजे शॉकपासून संरक्षण नव्हे. १००० व्होल्टची खूण नसेल तर आधी फ्यूज काढा.