नकाशातली पांढरी रेघ

महाराष्ट्राचा जिल्हावार नकाशा संगणकावर उघडला, की शेजारच्या दोन जिल्ह्यांना एकच रंग असूनही सीमेवर कधी कधी केसाएवढी पांढरी रेघ दिसते. ती कोणी काढलेली नसते. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती गायबही होते.

फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांचा तक्ता. हा नकाशा मात्र 'व्हेक्टर' प्रकारचा असतो. त्यात चित्र नसतेच, ते कसे काढायचे याच्या सूचना असतात: या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत वक्ररेषा, आत हिरवा रंग. म्हणून कितीही मोठा केला तरी तो फुटत नाही. पण सूचना वाचून पडद्यावरचे ठिपके रंगवण्याचे काम प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या रीतीने करते.

समजा, सीमा एका ठिपक्याच्या मधोमध गेली. पहिला जिल्हा तो ठिपका निम्मा रंगवतो. दुसऱ्याने उरलेला निम्मा भरायला हवा. पण बरीच सॉफ्टवेअर 'अर्धा' एवढेच लक्षात ठेवतात, कोणता अर्धा ते नाही. त्यामुळे दुसऱ्या खेपेला उरलेल्या पांढऱ्यातला निम्माच झाकला जातो आणि २५ टक्के पांढरा शिल्लक राहतो. तीच ती रेघ!

वेबसाठीचे 'एसव्हीजी' हे प्रमाण स्वरूप २००१ मध्ये ठरले. त्यात रेषांबरोबर छाया, धूसरपणा, हलती चित्रे, मजकूर असे बरेच काही कोंबले आहे. ते सगळे तंतोतंत पाळणारे सॉफ्टवेअर मिळणे कठीणच.

रेघ एक वेळ चालेल, अक्षरांचा घोळ महागात पडतो. फाइलमध्ये सहसा अक्षराचा आकार नसतो, फक्त त्याचा सांकेतिक क्रमांक असतो. आकार बघणाऱ्याच्या संगणकातल्या फॉन्टमधून येतो. मराठी आणि हिंदी वळणाच्या 'ल'चा क्रमांक तर एकच आहे. ठरलेला फॉन्ट नसेल तर दुसरा बसवला जातो, ओळ लांबते, चौकटीबाहेर जाते. औषधाच्या सूचनांच्या फलकावर 'जेवणानंतर'मधला 'नंतर' कापला गेला तर?

पीडीएफमध्ये फॉन्ट फाइलच्या आतच ठेवता येतो, हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग. छापखानेवाले मात्र फाइल 'कर्व्ह करून' मागतात, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या रेषा करून. छपाईसाठी ते उत्तम. पण तीच फाइल वेबवर चढवली, तर त्यातला शब्द शोधता येत नाही, अंध व्यक्तीचा स्क्रीन रीडर तो वाचू शकत नाही, आणि एखादी वेलांटी चुकली असेल तर मूळ फाइल कोणाकडे आहे याची शोधाशोध सुरू होते.