ग्राफिक्स कार्ड इतकं महाग का झालं होतं?

सप्टेंबर 2020 मध्ये एनव्हिडियाचं आरटीएक्स 3080 बाजारात आलं. जाहीर किंमत होती 699 डॉलर. पण त्या किमतीला ते जवळपास कुणालाच मिळालं नाही. मी तेव्हा पीसी जुळवत होतो. दुकानदार म्हणायचा, "कार्ड हवंय? मग सोबत मॉनिटरपण घ्यावा लागेल."

लॉकडाऊनमुळे मागणी वाढली होती, चिपचा तुटवडा होता, आणि बॉट वापरून ऑनलाइन स्टॉक उचलणारे दलालही होते. पण किमती भडकवण्यात मोठा हात होता इथेरियमचा. त्याच्या माइनिंगला वेगवान मेमरी लागायची आणि गेमिंग कार्डात नेमकी तीच असते. आपल्यासाठी कार्ड म्हणजे खर्च, माइनरसाठी ते कमाईचं यंत्र. म्हणून ते दुप्पट पैसे द्यायलाही तयार असायचे.

2021 मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स 3060 वर माइनिंगचा वेग निम्मा करणारं लॉक टाकलं. काही आठवड्यांत कंपनीच्याच एका बीटा ड्रायव्हरमुळे ते निघालं! शेवटी 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियमनेच माइनिंग बंद केलं आणि वापरलेली कार्डं सेकंडहँड बाजारात आली.

आता वेगवान मेमरी एआय डेटा सेंटरना हवी आहे. त्यामुळे कार्ड घेण्याआधी त्याची लाँच किंमत बघा. सेकंडहँड घेत असाल तर बिल आणि वॉरंटी तपासा, अर्धा तास जड गेम चालवून तापमान बघा. आणि किंमत फुगलेली वाटली तर, घाई नसेल तर थांबा.