पाहा, पारखा, करा : तरुणांच्या हाती संघटना सोपवण्याचे तीन प्रयोग

'मिनिस्टर' या शब्दाचा आपल्याकडे 'मंत्री' झाला आणि त्याच्या मागोमाग गाड्यांचा ताफाही आला. मूळ लॅटिन शब्दाची कुळकथा मात्र निराळी आहे. लॅटिनमध्ये 'मॅजिस्टर' म्हणजे वरचा, मोठा. आपला 'मास्तर' त्याच घरातला. त्याच्या उलट 'मिनिस्टर' म्हणजे धाकटा, खालचा, हाताखाली राबणारा. चर्चच्या व्यवहारात 'मिनिस्ट्री' हा शब्द आजही याच जुन्या अर्थाने वापरतात. आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्या त्याला साधेपणाने 'सेवा' किंवा 'सेवाकार्य' म्हणतात. तरुणांमध्ये चालणारं हे काम म्हणजे यूथ मिनिस्ट्री. तिथे जो पुढारी असतो त्याने सेवक असावं, अशी अपेक्षा त्या नावातच आहे.

मी धर्मशास्त्राचा पदवीधर नाही आणि चर्चचा सभासदही नाही. माझं कुतूहल वेगळ्या प्रश्नातून सुरू झालं : तरुणांच्या संघटना म्हाताऱ्या का होतात? 'तरुण मंडळ' असा फलक आणि अध्यक्ष पन्नाशीचे, हे दृश्य कोणत्याही गावात दिसतं. मंडळ स्थापन करणारे पोरसवदा होते. ते मोठे झाले, पण खुर्ची सुटली नाही. या प्रश्नाचा माग काढत जुने अहवाल, चरित्रं, संघटनांचे इतिहास वाचत गेलो, तेव्हा लक्षात आलं की हा पेच ख्रिस्ती युवक-चळवळींनी फार लवकर ओळखला होता. त्यावर त्यांनी निरनिराळे उपाय करून पाहिले. त्यातले तीन इथे मांडतो.

दुकानाच्या माडीवर

वायएमसीए म्हटलं की आपल्याला वसतिगृह आणि व्यायामशाळा आठवते. 1891 साली बास्केटबॉलचा जन्मही याच संस्थेच्या अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड येथील प्रशिक्षण शाळेत झाला. पण संस्थेची सुरुवात कापडाच्या दुकानात झाली. लंडनमध्ये सेंट पॉल कॅथेड्रलजवळच्या एका मोठ्या कापड दुकानात जॉर्ज विल्यम्स नावाचा खेड्यातून आलेला तरुण नोकरीला होता. असे शेकडो नोकर दुकानाच्या वरच दाटीवाटीच्या खोल्यांत राहत. दिवस उजाडल्यापासून रात्रीपर्यंत काम, आणि उरलेल्या वेळात दारूच्या गुत्त्याशिवाय जायला जागा नाही. 6 जून 1844 रोजी बाराजणांनी एकत्र बसून 'यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन' काढली. विल्यम्स तेव्हा 22 वर्षांचा होता.

इथे वर कोणी धर्मगुरू नव्हता. नोकरांनी नोकरांसाठी प्रार्थना आणि बायबल-वाचन सुरू केलं, आणि वेगवेगळ्या पंथांच्या मुलांना एका खोलीत बसवलं. ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. ही कल्पना पसरवणारेही तरुणच होते. जिनिव्हात 1852 साली शाखा काढण्यात पुढाकार घेणारा आंरी द्युनां तेव्हा 24 वर्षांचा होता. देशोदेशींच्या शाखांनी 1855 साली पॅरिसला एकत्र यावं म्हणून त्याने पत्रांवर पत्रं लिहिली. हाच द्युनां पुढे रेड क्रॉसचा जनक झाला आणि 1901 चं पहिलं शांततेचं नोबेल त्याला विभागून मिळालं. संघटनेची पत्रं लिहिणं, सभा जमवणं, मतभेद असलेल्यांना एका टेबलाशी आणणं, ही शाळा त्याला युवक-संघात मिळाली होती.

गाणं सोडून काहीतरी

दुसरा प्रयोग अमेरिकेच्या मेन राज्यातल्या पोर्टलंडचा. तिथल्या विलिस्टन चर्चचे पाळक फ्रान्सिस क्लार्क तिशीच्या आतले होते. 1881 च्या जानेवारीत त्यांच्या मंडळीत प्रार्थना-सप्ताह झाला आणि बरीच मुलंमुली उत्साहाने पुढे आली. आता या उत्साहाचं करायचं काय? सप्ताह संपला की उत्साह ओसरतो, हा अनुभव कोणत्याही धर्माच्या कार्यकर्त्याला आहे. क्लार्क यांनी 2 फेब्रुवारी 1881 रोजी मुलांना घरी बोलावलं आणि 'ख्रिश्चन एंडेव्हर' या संघाची घटना त्यांच्यापुढे ठेवली.

ती घटना कडक होती. सभासदाने रोज प्रार्थना आणि वाचन करायचं, आठवड्याच्या सभेला हजर राहायचं आणि प्रत्येक सभेत गाण्याव्यतिरिक्त काहीतरी भाग घ्यायचाच. 'गाण्याव्यतिरिक्त' ही अट मला फार मार्मिक वाटते. समूहगानात आवाज मिसळून लपता येतं. एक वाक्य स्वतः उभं राहून बोलायचं तर लपता येत नाही. महिन्यातून एकदा नावं पुकारली जात आणि प्रत्येकाने आपल्या वचनाबद्दल बोलायचं असे. शिवाय कामाची वाटणी समित्यांमध्ये होती : कोणी नव्या आणि गळालेल्या सभासदांची विचारपूस करायची, कोणी प्रार्थनासभेची तयारी करायची, कोणी स्नेहमेळावे पाहायचे. जिथे मोठ्यांच्या सभेत मुली सहसा बोलत नसत, तिथे या संघात त्या बोलू लागल्या.

ही पद्धत काही वर्षांत जगभर गेली. क्लार्क ज्या काँग्रिगेशनल पंथाचे, त्याच परंपरेतून आलेलं अमेरिकन मराठी मिशन अहमदनगर भागात आधीपासून काम करत होतं. त्यामुळे ही वाट आपल्या दारापर्यंत आलेलीच होती. 1909 साली तर एंडेव्हरचं जागतिक अधिवेशन आग्र्याला भरलं. आज आपल्या मंडळ्यांमधल्या 'तरुण संघा'ची सभा पाहिली, तर सूत्रसंचालन एकाकडे, प्रार्थना दुसरीकडे, वचन-वाचन तिसऱ्याकडे अशी वाटणी दिसते. तिचं रूप क्लार्क यांच्या त्या घटनेशी बरंच जुळतं.

पण या प्रयोगाला एक मर्यादा होती. मुलांना काम मिळालं, तरी विषय बहुतेक चर्चच्या चार भिंतींच्या आतलेच राहिले. भिंतीबाहेर, कारखान्यात, ज्या मुलांचं आयुष्य चाललं होतं त्यांचं काय?

कोळसेवाल्याचा मुलगा

हा प्रश्न बेल्जियमच्या योसेफ कार्डाइन यांनी विचारला. 1882 साली ब्रसेल्सजवळ जन्म, वडील कोळशाचा किरकोळ धंदा करणारे. बरोबरीची मुलं कोवळ्या वयात गिरण्यांत गेली. योसेफने मात्र आईवडिलांकडे शिकू देण्याचा हट्ट धरला आणि धर्मगुरू होण्याच्या शाळेत दाखल झाला. सुट्टीत गावी आला तर जुने मित्र तोंड फिरवू लागले. त्यांच्या लेखी तो आता पलीकडच्या बाजूचा झाला होता. 1903 साली कष्टांनी झिजलेले वडील वारले, तेव्हा कामगार-तरुणांसाठी आयुष्य देण्याचा निश्चय त्यांनी केला. 1906 साली त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली.

1912 साली ब्रसेल्सच्या लाकेन भागात नेमणूक झाली आणि शिवणकाम करणाऱ्या मुलींच्या गटांपासून त्यांनी काम सुरू केलं. फेर्नां तोने हा विशीच्या आतला मुलगा तिथेच त्यांना भेटला. पहिल्या महायुद्धात जर्मन सत्तेने कार्डाइन यांना तुरुंगात टाकलं. तिथेही संघटनेच्या मांडणीचं लेखन चालू राहिलं. युद्धानंतर तोने, पोल गार्से आणि जाक मेर्त या तिघा तरुणांनी त्यांच्यासोबत जे उभं केलं, ती 'तरुण ख्रिस्ती कामगार' संघटना. फ्रेंच आद्याक्षरांवरून तिला 'जेओसी' म्हणतात.

तिचं सूत्र तीन पायऱ्यांचं होतं : पाहा, पारखा, करा. ऐकायला सोपं वाटतं, म्हणून त्याची चाल समजून घ्यायला हवी. एका कारखान्यातली किंवा वस्तीतली थोडी मुलं आठवड्याला भेटतात. पहिली पायरी : या आठवड्यात काय पाहिलं ते सांगायचं. मत नको, घटना हवी. नवा पोरगा कामावर आला त्या दिवशी मुकादम काय बोलला? पगारातून काय कापलं गेलं? मुलींना कोणत्या टोमण्यांतून जावं लागतं? दुसरी पायरी : हे का घडतं, आणि शुभवर्तमानातला येशू इथे काय म्हणेल, याची पारख. तिसरी पायरी : पुढच्या भेटीपर्यंत आपण काय करणार ते ठरवायचं. ते लहान असलं तरी चालेल, पण नेमकं हवं. उद्या त्या नव्या पोराच्या शेजारी जेवायला कोण बसणार? पुढच्या बैठकीची सुरुवात त्याच्या हिशेबाने.

या बैठकीत फादर हजर असत, पण अध्यक्षपद एका कामगार मुलाकडे किंवा मुलीकडे. 'त्यांच्यातच, त्यांच्याकडून, त्यांच्यासाठी' असा बाणा होता. शिकलेल्या धर्मगुरूने गप्प बसून ऐकायचं आणि चौदा वर्षांच्या पोराने चर्चा चालवायची, हे कार्डाइन यांच्या मते सेवेचं मुख्य काम होतं. कारखान्यात फादर जाऊ शकत नाहीत, मुलगा रोज जातो. म्हणून तिथला सेवक तोच. शिवाय ही संघटना तरुणांची होती, तेव्हा वय वाढलं, लग्न झालं की सभासदाने बाहेर पडायचं, अशी रीत होती. खुर्ची सोडण्याची सोय पद्धतीतच होती.

विरोध दोन्हीकडून झाला. चर्चमधल्या काहींना वाटलं, कामगारांची वेगळी संघटना म्हणजे तरुणांत वर्गभेद पेरणं. मेखेलनचे कार्डिनल मर्सिये साशंक होते. शेवटी 1925 साली कार्डाइन यांनी रोम गाठलं, आणि पोप अकरावे पायस यांनी पाठिंबा दिला. त्याच वर्षी संघटना राष्ट्रीय पातळीवर उभी राहिली. 1961 साली पोप तेविसावे जॉन यांच्या 'माटेर एत माजिस्त्रा' या परिपत्रकात तीन पायऱ्यांच्या पद्धतीची नावानिशी शिफारस झाली, आणि पुढे लॅटिन अमेरिकेतल्या वस्त्यांमधल्या लहान ख्रिस्ती गटांनी ती उचलली. 1965 साली कार्डाइन स्वतः कार्डिनल झाले. 1967 साली वारले.

जबाबदारीची किंमत त्या तिघांपैकी दोघांनी मोजली. तोने आणि गार्से यांना नाझी सत्तेने पकडलं. दाखाऊच्या छळछावणीत दोघेही 1945 च्या सुरुवातीला, छावणी मुक्त होण्याआधी मरण पावले.

आपल्याकडचा पेच

हिंदुस्थानात या प्रश्नाला आणखी एक पदर होता : पुढारी गोरा आणि सेवक काळा. कलकत्त्यात 1857 साली आणि मुंबईत 1875 साली वायएमसीए आली, तेव्हा सूत्रं प्रामुख्याने परदेशी सचिवांकडे होती. तमिळ मुलखातला व्ही. एस. अझरिया 1895 साली विशीत वायएमसीएचा सचिव झाला. खेडोपाडी फिरत त्याने तरुणांच्या हाती काम दिलं. 1903 आणि 1905 साली भारतीयांच्या पैशाने, भारतीय माणसांकडून चालणाऱ्या दोन मिशनरी संस्था उभ्या करण्यात त्याचा वाटा होता. 1910 साली एडिनबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत त्याने पाश्चात्त्य श्रोत्यांना सुनावलं, त्याचा मथितार्थ असा : तुम्ही त्याग केलात, दान दिलंत, आम्हाला तुमची मैत्री हवी आहे. सभागृहात अस्वस्थता पसरली. दोन वर्षांनी तो दोर्नकलचा बिशप झाला, अँग्लिकन चर्चचा पहिला भारतीय बिशप. त्याचा सहकारी के. टी. पॉल 1916 साली वायएमसीएचा पहिला भारतीय राष्ट्रीय महासचिव झाला. पॉलने संस्थेचं तोंड शहरी वाचनालयाकडून खेड्यातल्या सावकारी कर्जाकडे आणि सहकारी पतपेढ्यांकडे वळवलं.

अझरियाच्या मागणीत मला या साऱ्या विषयाचा गाभा दिसतो. वरून केलेली सेवा ही सत्तेचंच मवाळ रूप असू शकते. 'मी तुमच्यासाठी राबतो' असं म्हणणारा माणूस पुष्कळदा निर्णय मात्र स्वतःकडे ठेवतो. यूथ मिनिस्ट्रीत तर हा धोका दुप्पट, कारण समोर कोवळं वय आणि हातात देवाचं नाव. अनेक देशांतल्या चर्चमध्ये मुलांवरच्या अत्याचारांची प्रकरणं उघड झाल्यावर, मोठ्याने अल्पवयीन मुलाबरोबर एकटं राहू नये, तक्रार ऐकणारी व्यक्ती बाहेरची असावी, असे नियम आले. हे नियम म्हणजे सेवकावर अविश्वास, असं काहींना वाटतं. मला वाटतं, सेवक या शब्दाचा अर्थ टिकवण्यासाठीच ते हवेत.

तीन प्रयोगांतून मला दिसलेली गोष्ट एकच. तरुणांना पुढारी करायचं तर भाषणं देऊन भागत नाही. त्यांच्याकडे नेमकं काम, त्याचा जाहीर हिशेब आणि चुकण्याची मोकळीक द्यावी लागते. आणि मोठ्यांना केव्हा गप्प बसायचं व केव्हा निघायचं, हे आधीच लिहून ठेवावं लागतं. एंडेव्हरच्या समित्या असोत की जेओसीची बैठक, रचना हीच.

ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही ही कसोटी लावून पाहता येईल. आपल्या मंडळाच्या, वाचनालयाच्या, पथकाच्या बैठकीत कार्यक्रमपत्रिका कोण ठरवतं? वीस वर्षांची मुलगी उभी राहून बोलली तर तिचं वाक्य पूर्ण होतं का? आणि सर्वांत साधा प्रश्न : जमाखर्चाची वही कोणाच्या कपाटात असते?