बुडायचं ठरवून लावलेली बोली

हातात तेरा पत्ते आले आहेत. त्यांतले सात इस्पिकचे: राजा, राणी, गुलाम, दश्शी आणि तीन बारीक. उरलेल्या सहांत एकही चित्र नाही. पहिली बोली तुमची. सावध माणूस इथे पास म्हणेल. कॉन्ट्रॅक्ट ब्रिजमध्ये मुरलेला खेळाडू थेट ‘तीन इस्पिक’ म्हणतो. म्हणजे इस्पिक हुकूम धरून तेरापैकी नऊ हात आम्ही करू, अशी हमी देतो. ते नऊ हात होतील याची त्याला खात्री नसते, पुष्कळदा होणार नाहीत असाच त्याचा अंदाज असतो. तरीही बोली बरोबर असते, आणि ती का बरोबर असते हे समजलं की या खेळाकडे बघण्याची नजरच बदलते.

त्या सात इस्पिकांकडे पुन्हा बघा. इस्पिक हुकूम असेल तर एक्का तेवढा जाईल आणि सहा हात हमखास मिळतील. पण बदाम किंवा किलवर हुकूम झाला, तर याच सात पानांवर एखादा हात मिळाला तर मिळाला. हे पत्ते हल्ल्यात सोनं आहेत आणि बचावात जवळजवळ निरुपयोगी. गप्प बसलं तर ते वाया जातात.

शिवाय बोली वर नेली की प्रतिपक्षाची बोलायची जागाच संपते. एक किलवरपासून सात नो ट्रम्पपर्यंत बोलीच्या पायऱ्या ३५. त्यात पास, डबल आणि रीडबल मिळवले की ब्रिजच्या टेबलावर बोलता येणारी वाक्यं भरतात ३८. एवढ्याशा भाषेत किती वेगवेगळे लिलाव होऊ शकतात? एकावर ४७ शून्ये, त्याहूनही थोडे जास्त. ५२ पत्ते चौघांत वाटण्याचे प्रकार पाचावर २८ शून्ये इतकेच आहेत. म्हणजे जगात जितके डाव पडू शकतात, त्यांच्या अब्जावधी पटींनी जास्त त्यांच्याबद्दलची संभाषणं! लिलावाच्या गणितात एकेक पायरी शक्यतांना २२ पट करते. तीन इस्पिक ही चौदावी पायरी. एक किलवरऐवजी तिथून सुरुवात केली, की पुढे होऊ शकणारं संभाषण २२ ने तेरा वेळा भागत गेल्यासारखं आक्रसतं. एकावर १७ शून्यांहून अधिक पटींनी. प्रतिपक्षाकडे उत्तम पत्ते असोत, ते एकमेकांना सांगायचे कसे? चार इस्पिकच्या आत त्यांच्या वाट्याला उरतात फक्त चार बोली.

यात फसवणूक कुठेच नाही. तुमच्या बोलीचा ठरलेला अर्थ विचारण्याचा प्रतिपक्षाला हक्क असतो आणि तुमचा पार्टनर तो सांगतो: लांब रंग, पत्ते हलके. सगळं उघड असूनही त्यांची कोंडी व्हायची ती होतेच.

बुडण्याची किंमत मात्र मोजावी लागते. ती मोजायची पद्धत बव्हंशी हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांची. १९२५ साली पनामा कालव्यातून जाणाऱ्या ‘फिनलंड’ या जहाजावर त्यांनी आपली नवी गुणपद्धत खेळून पाहिली. त्या पद्धतीत जो पक्ष ‘व्हल्नरेबल’, म्हणजे जोखमीच्या स्थितीत, त्याचं बक्षीसही मोठं आणि दंडही मोठा. आजच्या हिशेबात व्हल्नरेबल प्रतिपक्षाने चार बदाम केले तर त्यांना ६२०. त्यांच्यावर तुम्ही चार इस्पिक बोललात, डबल (‘होणार नाही’ म्हणत पैज वाढवणारं प्रतिपक्षाचं आव्हान) खाल्लंत आणि तीन हातांनी बुडालात, तर तुम्ही व्हल्नरेबल नसताना दंड ५००. हरूनही १२० वाचले. धाडसी लोक याचा इतका फायदा घेत, की १९८७ पासून अशा डबलमध्ये चौथ्या बुडीत हातापासून दंड प्रत्येकी २०० ऐवजी ३०० झाला.

मग थांबायचं कुठे? इथे जाँ-रेने व्हेर्न या फ्रेंच अभ्यासकाचं नाव घ्यायलाच हवं. विश्वविजेतेपदाच्या सामन्यांतले डाव तपासून त्यांनी १९६० च्या दशकात एक विलक्षण निरीक्षण मांडलं. आपल्या जोडीच्या सर्वांत लांब रंगाची पानं आणि त्यांच्या जोडीच्या सर्वांत लांब रंगाची पानं यांची बेरीज करा. प्रत्येक बाजू आपापल्या रंगात खेळली तर दोघींचे मिळून साधारण तितकेच हात होतात. आपले नऊ इस्पिक, त्यांचे नऊ बदाम, तर हात अठरा.

असं का व्हावं? समजा, चौकटचा एक्का आणि राणी तुमच्या हातात आहे. राजा तुमच्या उजवीकडच्याकडे असेल तर तो तुमच्याआधी खेळतो आणि कात्रीत सापडतो. तुम्हाला दोन हात मिळतात, हुकूम तुमचा असो की त्यांचा. आता तोच राजा उचलून तुमच्या डावीकडे ठेवा. तुमचा एक हात गेला, त्यांचा एक वाढला. बेरीज होती तिथेच! ज्या नशिबाला आपण एवढे घाबरतो, ते या बेरजेला धक्का लावू शकत नाही.

आता अठराची बेरीज घेऊन बसा. कोणीच व्हल्नरेबल नाही आणि ते तीन बदामवर आहेत. त्यांचे नऊ होणार असतील तर तुमचेही नऊ: पास केलंत तर १४० गेले, तीन इस्पिक बोललात तर १४० आले. त्यांचे दहा, तर तुमचे आठ: पासने १७० जातात, बोलून डबल खाल्लंत तरी १००. त्यांचे आठ, तर तुमचे दहा: पासने ५० मिळतात, बोलून १७०. राजे-राण्या कुठे लपल्या आहेत हे ठाऊक नसताना तिन्ही वेळा बोलणंच बरोबर ठरतं.

नियम सरासरीचा आहे, एखाद्या डावात तो एक-दोन हातांनी चुकतो. माइक लॉरेन्स आणि अँडर्स विर्ग्रेन यांनी २००४ साली त्याच्याविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं. आक्षेपांत तथ्य आहे, पण टेबलावर काही सेकंदांत ठरवायचं असतं तेव्हा या बेरजेइतका भरवशाचा आधार मला दुसरा दिसत नाही.

समोरचेच आक्रमक असतील तर? त्यांच्या रंगाची पानं ज्याच्या हातात कमी, त्याने तोंड उघडायचं. त्याच रंगाची चार-पाच पानं घेऊन बसलेल्या पार्टनरला बहुतेकदा काहीच बोलता येत नाही. बेताच्या पत्त्यांवरही टेकआउट डबल, म्हणजे पार्टनरला त्याचा रंग विचारणारा डबल, देण्याची जबाबदारी आखूड रंगवाल्याची. जेफ मेकस्ट्रॉथ आणि एरिक रॉडवेल या अमेरिकन जोडीसारखे खेळाडू दर डावाला दबाव टाकतात. तुम्ही घाबरून पास कराल, यावरच दबाव टाकणाऱ्याचा अर्धा नफा उभा असतो.

पण तीच बेरीज थांबायलाही सांगते. आपले दहा इस्पिक, त्यांचे नऊ बदाम, हात एकोणीस. ते व्हल्नरेबल, आपण नाही. त्यांच्या चार बदामवर चार इस्पिक म्हणा: त्यांचे दहा होत असतील तर आपले नऊ, डबल खाऊनही १०० गेले, ५२० वाचले. आता ते चिडून पाच बदाम म्हणाले. मोह सुटतो, पाच इस्पिक म्हणावंसं वाटतं. म्हणू नका. ते बोलून डबलमध्ये ३०० जातील. पास केलंत तर त्यांना अकरा हात हवेत आणि होणार आहेत दहा. मघाशी त्यांच्या खात्यात ६२० जायचे होते, आता तुमच्या खात्यात १०० येतात.