आवाज तुटतो, मजकूर पोहोचतो

दिवा-रोहा गाडी कासूजवळ असताना अम्मीचा फोन आला. "अब्बांना... नागोठण्याला... डॉक्टर..." एवढेच कानावर पडले आणि आवाज तुटला. आमचा जीव टांगणीला लागला. थोड्याच वेळात भाईजानचा एसएमएस आला, "अब्बा ठीक आहेत. फक्त तपासणीला आलोय."

मोबाइल तोच, जागा तीच. मग अक्षरे कशी पोहोचली?

मोबाइलमधली मोडेम चिप माहिती सलग सोडत नाही, तिची लहान गाठोडी बांधते. फोर-जीमध्ये एक गाठोडे हवेत सोडायला सेकंदाचा हजारावा भाग पुरतो. वाटेत थोडे बिघडले तर मूळ ओळखता यावे म्हणून चिप त्यात जादा अंक भरते. शिवाय मजकुरावरूनच हिशेब करून काढलेली २४ अंकांची खूण जोडते. पलीकडे तोच हिशेब पुन्हा होतो. जुळला नाही, तर गाठोडे परत मागवले जाते.

मजकूर असा थांबू शकतो, बोलणे नाही. आवाजाचा तुकडा जेमतेम २० मिलिसेकंदांचा. उशिरा आला तर तो टाकूनच द्यावा लागतो. रेंज कमी असेल तेव्हा म्हणूनच लिहिलेले बरे.

मात्र इंग्रजीत १६० अक्षरे मावणाऱ्या एसएमएसमध्ये मराठी किंवा उर्दूची ७०च मावतात, आणि आपले काना-मात्रेही त्यात वेगळे मोजले जातात! मजकूर लांबला की त्याचे तुकडे होतात. भाईजानने "ठीक आहेत" आधी लिहिले, ते बरे केले.

अम्मी मात्र अजूनही फोनच करते.